‘लेंड’ की ‘बॉरो’? उसनं देता-घेता होणाऱ्या या चुका टाळा

‘कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजात, पेपर सुरू व्हायच्या जरा आधी, हमखास ऐकू येतं. पेन मिळतंही, कारण समोरचाही मराठीच असतो आणि त्याला काय हवंय ते कळलेलं असतं. पंचाईत होते ती ऑफिसच्या ईमेलमध्ये, परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या पत्रात, व्हिसासाठी पैशांचा हिशेब मांडताना. तिथे कुणी ‘आय लेंट टू लॅख रुपीज फ्रॉम माय ब्रदर’ असं लिहिलं की वाचणारा थबकतो. पैसे यानं भावाला दिले की भावाकडून घेतले? आकडा बरोबर, स्पेलिंग बरोबर, आणि व्यवहाराची दिशाच संशयात.

परत मिळेल या बोलीवर देणं म्हणजे ‘लेंड’ आणि परत करीन या बोलीवर घेणं म्हणजे ‘बॉरो’, हे विरुद्धार्थी शब्दांच्या यादीत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. तरीही तोंडातून उलटं निघतं, कारण मराठीत या व्यवहाराला दोन वेगळी क्रियापदं लागतच नाहीत. ‘उसनं’ हा शब्द जागचा हलत नाही, पुढे ‘दे’ किंवा ‘घे’ लावलं की काम भागतं. उसने दिले, उसने घेतले. कर्ज दिलं, कर्ज घेतलं. भाड्याने दिलं, भाड्याने घेतलं. इतकंच कशाला, खरेदी करतानाही आपण ‘विकणे’मधलाच ‘विकत’ उचलतो आणि त्याला ‘घेणे’ जोडतो. शाळेत बेरीज करताना नऊच्या वर गेलं की ‘हातचा’, आणि वजाबाकीत शेजारच्या दशकाकडून मागून आणला तरी तो ‘हातचा’च. इंग्रजीतून गणित शिकणाऱ्या पोराला मात्र पहिला ‘कॅरी’ आणि दुसरा ‘बॉरो’ असे दोन शब्द लक्षात ठेवावे लागतात. (वजाबाकीतला हा ‘बॉरो’ कधीच कुणी परत करत नाही, पण त्याबद्दल गणिताच्या बाईंशी वाद घालू नये.)

म्हणजे आपल्याकडे दिशा दाखवायचं काम ‘देणे-घेणे’ करतात, आणि इंग्रजीत ती दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. मराठी डोकं ‘उसनं’ला एक इंग्रजी शब्द शोधतं, आधी आठवेल तो उचलतं आणि दिशा नंतर कुठेतरी दाखवू म्हणून पुढे जातं. ती नंतर दाखवता येत नाही. हा दोष एकट्या मराठीचा नाही. जर्मनमध्ये ‘लायएन’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं, आणि अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या पट्ट्यात, जिथे जर्मन आणि स्कँडिनेव्हियन लोक मोठ्या संख्येने जाऊन राहिले, तिथल्या बोलीत ‘बॉरो मी’ आजही ऐकू येतं. पण तुमचं पत्र मिनेसोटातल्या आजोबांकडे जाणार नसेल तर हा दाखला उपयोगाचा नाही.

आधी कर्ता पकडा

सगळ्यात जास्त घसरण विनंती करताना होते. मराठीत ‘मला तुझं पेन दे ना’ आणि ‘तुझं पेन घेऊ का?’ या दोन्हीचा अर्थ शेवटी एकच. इंग्रजीतही दोन्ही तऱ्हेने विचारता येतं, फक्त कर्ता बदलला की क्रियापद बदलावंच लागतं. वाक्य ‘यू’ने सुरू झालं तर देणारा तो आहे, म्हणून ‘कुड यू लेंड मी युवर पेन?’ वाक्य ‘आय’ने सुरू झालं तर घेणारे तुम्ही आहात, म्हणून ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’

यांची अदलाबदल केली की काय होतं बघा. ‘कॅन आय लेंड युवर पेन?’ म्हणजे ‘तुझं पेन मी तिसऱ्याच कुणाला तरी देऊ का?’ पेनाच्या मालकाला हे ऐकून आनंद होणार नाही. आणि ‘कॅन यू बॉरो युवर पेन?’ म्हणजे ‘तू तुझंच पेन उसनं घेऊ शकतोस का?’ हा तर वेदान्ताचा प्रश्न झाला.

म्हणून बोलण्याआधी क्रियापदाचा विचारच करू नका. वस्तू कुणाच्या हातातून सुटतेय ते बघा. ज्याच्या हातातून सुटते तो कर्ता असेल तर ‘लेंड’, ज्याच्या हातात येते तो कर्ता असेल तर ‘बॉरो’. घाईत निर्णय होत नसेल तर विनंतीसाठी ‘कॅन आय बॉरो’ हेच तीन शब्द एकत्र तोंडात बसवून टाका. ‘आय’ने सुरुवात केल्याने समोरच्यावर थेट हुकूम सोडल्यासारखंही वाटत नाही, आणि मागे ‘मी’, ‘टू’ असलं काही चिकटवायची गरज उरत नाही. ओळखीच्यांत ‘कॅन’ चालतं, साहेबांकडे किंवा अनोळखी माणसाकडे मागताना ‘कुड’.

‘टू’, ‘फ्रॉम’ आणि एका कर्माचा फरक

या दोन क्रियापदांमधला व्याकरणातला खरा फरक इथे आहे, आणि नेमका तोच वर्गात धावता शिकवला जातो.

‘लेंड’ला दोन कर्मं लागू शकतात, कुणाला आणि काय. ‘शी लेंट मी हर स्कूटर.’ हेच उलटं मांडायचं तर मध्ये ‘टू’ घालावा लागतो: ‘शी लेंट हर स्कूटर टू मी.’ माणूस आधी आला तर ‘टू’ नको, वस्तू आधी आली तर ‘टू’ हवाच. ‘शी लेंट टू मी हर स्कूटर’ हे मराठीतल्या ‘मला’ची सावली पडलेलं वाक्य आहे, आणि ‘शी लेंट हर स्कूटर मी’ हे तर कुणाच्याच भाषेतलं नाही. वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं की वस्तू आधी ठेवावी: ‘लेंड इट टू मी’. ‘लेंड मी इट’ इंग्लंडच्या काही भागांत बोलताना ऐकू येतं, लिहिताना टाळलेलं बरं.

‘बॉरो’ला एकच कर्म, ते म्हणजे घेतलेली वस्तू. ज्याच्याकडून घेतली तो माणूस कर्म होऊ शकत नाही, त्याला ‘फ्रॉम’चा हात धरूनच यावं लागतं. ‘आय बॉरोड फाइव्ह थाउजंड रुपीज फ्रॉम माय आत्या.’ इथे मराठी उलट मदत करतं, कारण आपलं ‘आत्याकडून’ आणि ‘फ्रॉम’ चपखल जुळतात. मनात ‘कडून’ आलं की ‘बॉरो… फ्रॉम’, मनात ‘ला’ आलं की ‘लेंड… टू’. ‘आय बॉरोड माय आत्या फाइव्ह थाउजंड’ हे चूक, आणि ‘लेंट फ्रॉम’ हे तर कधीच नाही. ‘लेंट’च्या पुढे ‘फ्रॉम’ दिसला की थांबा, दोघांतला एक नक्की चुकीचा आहे.

मालकाचं नाव वस्तूलाच जोडलं असेल तर ‘फ्रॉम’ लागत नाही: ‘आय बॉरोड सुजाताज नोट्स.’ पैशांच्या बाबतीत ही सवलत घेऊ नका. ‘आय बॉरोड हिज फाइव्ह हंड्रेड रुपीज’ ऐकायला असं वाटतं, की त्याच्याकडे तेवढे पाचशेच होते आणि तेच तुम्ही उचललेत.

दुसऱ्यासाठी उसनं घेतलं तर ‘फॉर’. ‘मी तुझ्यासाठी लायब्ररीतून पुस्तक घेतलं’ हे ‘आय बॉरोड यू अ बुक’ होत नाही. ‘आय बॉरोड अ बुक फॉर यू फ्रॉम द लायब्ररी’ असं सरळ लिहा.

प्रश्न विचारताना तो ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ वाक्याच्या शेवटी लटकत राहतो, आणि आपल्याला तो अनाथ वाटल्यामुळे आपण गाळतो. ‘हू डिड यू बॉरो इट फ्रॉम?’ म्हणजे कुणाकडून घेतलंस. ‘हू डिड यू लेंड इट टू?’ म्हणजे कुणाला दिलंस. शेपूट कापलं की वाक्य लंगडं होतं. ‘फ्रॉम हूम’ने सुरुवात केली तरी चालेल, पण मित्राशी बोलताना तसं बोललात तर तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहील.

आता कर्मणी प्रयोग. ‘लेंड’ला माणूस हे कर्म चालतं, म्हणून तो माणूस कर्मणीत कर्त्याच्या जागी येऊ शकतो: ‘आय वॉझ लेंट अ लॅपटॉप बाय द कंपनी’, कंपनीनं मला लॅपटॉप तात्पुरता दिला. ‘बॉरो’चं कर्म फक्त वस्तू, म्हणून कर्मणीतही फक्त वस्तूच पुढे येते: ‘द लॅपटॉप वॉझ बॉरोड फ्रॉम द कंपनी.’ ‘आय वॉझ बॉरोड अ लॅपटॉप’ हे व्याकरणात बसत नाही. आणि नुसतं ‘आय वॉझ बॉरोड’ म्हटलंत तर कुणीतरी तुम्हालाच उसनं नेलं असा अर्थ होतो. ऑफिसात एका टीमने दुसऱ्या टीमचा माणूस चार दिवसांसाठी मागून नेला तर हेच वाक्य अगदी बरोबर ठरतं, ती गोष्ट वेगळी.

रूपं, उच्चार आणि वर्गातली खसखस

‘लेंड’चं भूतकाळी रूप ‘लेंट’, तिसरं रूपही ‘लेंट’. ‘लेंडेड’ असा शब्द नाही. ‘बॉरो’ सरळमार्गी आहे, बॉरोड, बॉरोड. स्पेलिंगमध्ये ‘आर’ दोनदा, आणि पहिला स्वर ‘ओ’. तिथे ‘यू’ टाकलात तर तो सशाच्या बिळाचा ‘बरो’ होतो, आणि स्पेलचेक ते मुकाट्याने पास करतं कारण तोही खराच शब्द आहे. वाक्याच्या मध्येच ‘लेंट’ मोठ्या ‘एल’ने दिसला तर तो आपला ‘लेंट’ नव्हे, ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती उपवासकाळ. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही.

‘लेंड’ आणि ‘लँड’ हे दोन उच्चार वेगळे ठेवा. ‘द बँक विल लँड यू मनी’ असं म्हटलं की पैसा विमानाने उतरल्यासारखं वाटतं. पण मराठी वर्गात ‘लेंड’ हा शब्द मोकळेपणाने म्हणायला पोरं का कचरतात, हे प्रत्येक मास्तरांना माहीत असतं. जनावरांच्या मागे पडणाऱ्या त्या वस्तूचं नावही तेच, त्यामुळे मागच्या बाकावर खसखस पिकते आणि शब्द पुन्हा कुणी उच्चारत नाही. देण्यासाठीही ‘बॉरो’च वापरायच्या सवयीमागे व्याकरणाइतकाच हा संकोच असावा अशी मला दाट शंका आहे. उपाय एकच, हसून घ्या आणि दहा वेळा मोठ्याने म्हणा.

उसनं, उधार, कर्ज: तिन्ही एका मापाने मोजू नका

पैशांच्या देवघेवीत मराठी इथे इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, आणि तीच श्रीमंती भाषांतर करताना आड येते.

शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर, मित्राकडून घेतलेले हातउसने दोन हजार, हे ‘बॉरो’. साखर खाऊन संपली आणि तुम्ही दुसरी साखर परत केलीत तरी ‘बॉरो’च. व्याज आहे की नाही याच्याशी या क्रियापदाला देणंघेणं नाही. बँकेकडून १० टक्क्यांनी घेतले तरी ‘बॉरो’ आणि मामाकडून बिनव्याजी घेतले तरी ‘बॉरो’.

किराणा दुकानातलं ‘उधार’ मात्र यात येत नाही. ‘वाण्याकडून महिन्याचा किराणा उधार आणला’ याचं ‘आय बॉरोड ग्रोसरीज’ केलंत तर तुम्ही तेच तांदूळ-डाळ परत नेऊन देणार, असा अर्थ होतो. तिथे वस्तू कायमची आपली झालेली असते, राहिलेले असतात ते पैसे. म्हणून ‘आय बॉट द ग्रोसरीज ऑन क्रेडिट’. दुकानात टांगलेल्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीतही हेच ‘क्रेडिट’. वाणी तुम्हाला तांदूळ ‘लेंड’ करत नाही, तो ‘गिव्हज यू क्रेडिट’. काही दुकानदार तेही देत नाहीत, म्हणून तर पाटी.

कर्जाला ‘लोन’. हे नाम आहे आणि ‘लोन घेणं’ म्हणजे ‘टेक अ लोन’ किंवा ‘टेक आउट अ लोन’. ‘बॉरो अ लोन’ आणि ‘लेंड अ लोन’ दोन्ही खटकतात, कारण देण्याघेण्याचा अर्थ ‘लोन’मध्ये आधीच आहे. बँक पैसे ‘लेंड’ करते किंवा लोन ‘गिव्ह’ करते, एक काहीतरी निवडा. अमेरिकेत ‘लोन’ हेच क्रियापद म्हणूनही वापरतात, ‘कॅन यू लोन मी ट्वेंटी डॉलर्स?’ असं. चूक नाही, पण ब्रिटिश वळणाच्या परीक्षकासमोर आणि आपल्याकडच्या पेपरात ‘लेंड’च लिहा, गुण कापले जायला निमित्त नको.

पैसे मागताना होणारी चूक वेगळीच आहे. ‘मी त्याला पैसे मागितले’ याचं ‘आय आस्क्ड मनी टू हिम’ होत नाही. माणूस आधी, मग ‘फॉर’: ‘आय आस्क्ड हिम फॉर मनी’. आणि ‘तुझे पाचशे माझ्याकडे आहेत’ हे मराठीत प्रामाणिक कबुलीचं वाक्य, पण ‘युवर फाइव्ह हंड्रेड रुपीज आर विथ मी’ म्हटलं की ते पैसे तुमच्याकडे नुसते सांभाळायला दिलेत असं वाटतं. देणं लागतो हे सांगायला इंग्रजीत छोटंसं ‘ओ’ आहे: ‘आय ओ यू फाइव्ह हंड्रेड रुपीज.’ आपल्याला येणं असेल तर कर्ता फिरवा: ‘ही ओज मी फाइव्ह हंड्रेड.’

परत करतानाची गंमत म्हणजे ‘रिटर्न बॅक’. ‘रिटर्न’मध्ये ‘परत’ आहेच, मागून ‘बॅक’ नको. वस्तू असेल तर ‘रिटर्न’ किंवा ‘गिव्ह बॅक’, पैसे असतील तर ‘पे बॅक’ किंवा ‘रीपे’. ‘आय विल रिटर्न यू द बुक’ आपल्याकडे सर्रास चालतं, बाहेर ‘आय विल रिटर्न द बुक टू यू’ जास्त सहज वाटतं. आणि मुदत सांगताना जपा. ‘सोमवारपर्यंत परत देतो’ आणि ‘सोमवारपर्यंत ठेव’ या दोन्हींत आपलं ‘पर्यंत’ एकच, इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘बाय मंडे’ आणि दुसऱ्यासाठी ‘टिल मंडे’. ‘आय विल रिटर्न इट टिल मंडे’ म्हणालात तर सोमवारपर्यंत तुम्ही ते पुन्हा पुन्हा परत करत राहणार असं चित्र उभं राहतं.

बँकेच्या भाषेत बोलणारा कोण आहे

बँकेच्या कागदांवर सगळे शब्द बँकेच्या बाजूने लिहिलेले असतात, आणि ग्राहक ते आपल्या बाजूने वाचतो. ‘लेंडिंग रेट’ म्हणजे बँक ज्या दराने देते तो दर. तुमच्यासाठी तोच कर्ज घेण्याचा दर, पण नाव बँकेनं ठेवलंय. एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या ‘एमसीएलआर’मधला (बँका कर्जाचे दर ज्याच्या आधारे ठरवतात तो दर) ‘एल’ हाच ‘लेंडिंग’चा. ऑक्टोबर २०१९ पासून घरासाठीच्या आणि इतर वैयक्तिक नव्या तरत्या, म्हणजे बदलत्या, दराच्या कर्जांना बाहेरच्या मापदंडाशी जोडायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, आणि तेव्हापासून बहुतेकांच्या गृहकर्जाच्या पत्रात ‘रेपो’ हा शब्द दिसू लागला.

‘रेपो’तही दिशेचा तोच गोंधळ. रिझर्व्ह बँक सरकारी रोख्यांच्या तारणावर बँकांना अल्प मुदतीचे पैसे देते तो रेपो दर. इथे रिझर्व्ह बँक ‘लेंड्स’ आणि बँका ‘बॉरो’. रिव्हर्स रेपोमध्ये बँका आपले जादाचे पैसे रिझर्व्ह बँकेकडे ठेवतात, म्हणजे त्या ‘लेंड’ करतात आणि रिझर्व्ह बँक ‘बॉरो’. स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांपैकी दोन पर्याय फक्त या दोन क्रियापदांची अदलाबदल करून दिलेले असतात, आणि अर्थशास्त्र नीट येणारी मुलं इंग्रजीवर गळतात.

फॉर्मवर ‘बॉरोअर’च्या पुढे तुमचं नाव, ‘को-बॉरोअर’च्या पुढे पत्नीचं किंवा भावाचं, ‘लेंडर’च्या पुढे बँकेचं. सावकार तो ‘मनीलेंडर’. ‘मनीबॉरोअर’ असा शब्द मात्र कुणी वापरत नाही, नुसतं ‘बॉरोअर’ पुरतं.

जिथे काहीच परत करायचं नसतं

‘लेंड मी अ हँड’ म्हणजे जरा हात लाव. यात तो हात परत करायचा नसतो. ‘लेंड अॅन इयर’ म्हणजे कान देऊन ऐक, ‘लेंड सपोर्ट’ म्हणजे पाठिंबा दे. एखादी कथा नाटकाला सोयीची असेल तर ‘द स्टोरी लेंड्स इटसेल्फ टू द स्टेज’. या सगळ्यांत ‘लेंड’च्या जागी ‘लोन’ अमेरिकनसुद्धा घालत नाहीत, आणि ‘कॅन आय बॉरो युवर हँड?’ तर मदत मागताना कधीच नको.

‘बॉरो’ भाषेच्या संदर्भात भेटतो. बटाटा, पगार, चावी हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले, म्हणजे ‘मराठी बॉरोड देम फ्रॉम पोर्च्युगीज’. पाचशे वर्षं होत आली, परत केलेले नाहीत.

जागेवरून हलत नाही त्या वस्तूला ‘बॉरो’ लावू नका. कुणाच्या घरी गेल्यावर ‘मे आय यूझ युवर वॉशरूम?’ असंच विचारा. ‘बॉरो’ म्हटलं तर इंग्रज थट्टेत घेतील, पण मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराने ही जोखीम कशाला घ्यावी?

हीच चूक दुसऱ्या वेषात

एकदा ‘देणे-घेणे’ची खोड लक्षात आली की ती आणखी किती ठिकाणी दडली आहे ते दिसू लागतं.

लायब्ररीचंच घ्या. ‘मी पुस्तक इश्यू केलं’ असं आपण मराठीत बिनधास्त म्हणतो आणि इंग्रजीतही ‘आय इश्यूड अ बुक फ्रॉम द लायब्ररी’ लिहितो. इश्यू करतो तो ग्रंथपाल, वाचक ‘बॉरो’ करतो. फारच ‘इश्यू’ हवा असेल तर ‘आय गॉट द बुक इश्यूड’.

परीक्षेत तर सगळंच उलटं आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक्स अॅन एक्झाम’ आणि शिक्षक ‘गिव्ह्ज अॅन एक्झाम’. म्हणून ‘आय गेव्ह माय बारावी एक्झाम इन फेब्रुवारी’ हे भारताबाहेरच्या माणसाला असं ऐकू येतं की फेब्रुवारीत तुम्ही बारावीच्या पोरांचे पेपर काढत होतात. ‘आय टुक’ लिहा, ब्रिटिश ढंग हवा असेल तर ‘आय सॅट’. भारतीय इंग्रजीत ‘गिव्ह’ इतकं रुजलंय की त्याला चूक म्हणावं की नाही यावर मतं वेगळी आहेत. माझं मत विचाराल तर घरात चालू द्या, अर्जात नको.

मुलाखतीचंही तसंच. आपण मुलाखत ‘देतो’, पण इंग्रजीत ‘गिव्ह अॅन इंटरव्ह्यू’ म्हणजे नटाने किंवा मंत्र्याने पत्रकाराला दिलेली मुलाखत. नोकरीसाठी गेलात तर ‘आय हॅड अॅन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय अटेंडेड’. मुलाखत घेणाऱ्या बाईंबद्दल बोलायचं तर ‘शी इंटरव्ह्यूड मी’. ‘शी टुक माय इंटरव्ह्यू’ हे मराठीच आहे, फक्त कपडे इंग्रजी.

आणि भाड्याचं प्रकरण. गंमत अशी की इथे इंग्रजीने मराठीसारखाच आळस केलाय. ‘रेंट’ हे क्रियापद दोन्ही दिशांना चालतं. ‘आय रेंटेड अ फ्लॅट इन कोथरूड’ या वाक्यात बहुतेक वेळा मी भाडेकरू असतो, पण मालकही हेच वाक्य बोलू शकतो. म्हणून घर देणाऱ्याने ‘रेंटेड आउट’ किंवा ‘लेट’ वापरावं, आणि घेणाऱ्याने ‘रेंटेड… फ्रॉम’. ‘भाड्याने देणे आहे’ या पाटीचं इंग्रजी ‘टू लेट’ होतं ते यामुळेच.

करारनाम्यात मग ‘ऑर’ आणि ‘ई’ची जोडी येते. शेवटी ‘ऑर’ असलेला देणारा, शेवटी ‘ई’ असलेला घेणारा. लीज असेल तर ‘लेसॉर’ मालक, ‘लेसी’ भाडेपट्ट्याने घेणारा. आपल्याकडे शहरांत जास्त चालतो तो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, त्यात ‘लायसेन्सॉर’ मालक आणि ‘लायसेन्सी’ राहायला येणारा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर, म्हणजे ‘लायसेन्सॉर’वर आहे. ही दोन नावं उलटी वाचून नोंदणीसाठी धावणारे भाडेकरू भेटतात.

हा नियम घाईने लावणारे लोक गहाणखतात फसतात. ‘मॉर्टगेजॉर’ म्हणजे देणारा, आणि कर्ज तर बँक देते, तेव्हा मॉर्टगेजॉर बँक, असा हिशेब सहज होतो. तो चुकतो, कारण मॉर्टगेज म्हणजे कर्ज नव्हे, गहाण. कर्ज बँक देते, गहाण तुम्ही देता. त्यामुळे घर गहाण ठेवणारा ‘मॉर्टगेजॉर’ आणि बँक ‘मॉर्टगेजी’. एकाच कागदावर बँक ‘लेंडर’ही असते आणि ‘मॉर्टगेजी’ही, तुम्ही ‘बॉरोअर’ही असता आणि ‘मॉर्टगेजॉर’ही.

इथे मात्र मराठी दस्तांची जुनी रीत फार उपयोगी पडते. आपल्या दस्तात पक्षकार ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे असतात, आणि नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनवरही दस्तऐवज करून देणारा आणि करून घेणारा असे वेगळे रकाने असतात. ‘लिहून देणार’ म्हणजे ‘ऑर’, ‘लिहून घेणार’ म्हणजे ‘ई’. तुम्ही स्वतःच्या कर्जासाठी स्वतःचं घर गहाण देत असाल तर इंग्रजी मसुद्यात तुमच्या नावापुढे ‘बॉरोअर’ आणि ‘मॉर्टगेजॉर’ हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत. त्यातला एक जरी बँकेच्या नावापुढे गेलेला दिसला, तर सही करू नका, मसुदा दुरुस्तीला परत पाठवा.